उघड्या टपाच्या गाडीत पुन्हा पुन्हा पाणी येतंय? कापड बदलण्याआधी पन्हळ बघा

पावसात डोंगर उतरताना ब्रेक दाबला आणि सीटच्या मागून गार पाण्याची धार थेट खांद्यावर आली. टप घट्ट लावलेला, दोन्ही काचा वर, कुठे थेंब गळताना दिसत नाही, आणि तरी अंगावर पाणी. कापडी टपाची हलकी स्पोर्ट्स कार घेऊन लांबचे प्रवास करणाऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतो. त्याहून त्रासदायक म्हणजे, दुरुस्त झालं म्हणून निश्चिंत होऊन निघावं आणि पुढच्या प्रवासात पुन्हा तेच व्हावं. माझ्याकडे दीड वर्षात हे तीनदा झालं. तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं, पण माझी चूक एकच होती: पाणी आत कुठून येतंय तेवढंच मी शोधत राहिलो. ते बाहेर कुठे अडतंय हे आधी बघायला हवं होतं.

माझी गाडी २००२ सालची माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीची, म्हणजे एनबी. मी इंग्लंडात मिडलँड्सला राहतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघं हीच गाडी घेऊन निघतो. या गाडीची पहिली पिढी, एनए, १९८९ साली शिकागोच्या मोटर शोमध्ये आली तेव्हा तिचं वजन साडेनऊशे किलोच्या आसपास होतं. माझी त्याहून थोडी जड, टनाच्या अलीकडे-पलीकडे. एवढ्या हलक्या गाडीला टपही तसाच साधा: दोन कड्या सोडायच्या आणि बसल्या जागेवरून एका हाताने मागे टाकायचा. मी एसटीच्या टपावर चढवलेलं सामान बघत मोठा झालो, त्यामुळे आमच्या घरी याला सॉफ्ट टॉप कोणी म्हणत नाही. टपच म्हणतात.

पहिल्यांदा पाणी दिसलं ते वेल्समधून परत आल्यावर. सीटच्या मागचं कार्पेट ओलं होतं आणि गाडीत कुबट वास भरला होता. एका गॅरेजला दाखवलं. त्यांनी टपावरून हात फिरवला, कापड जुनं झालंय, नवीन टप घाला म्हणाले, आणि हजार पौंडांच्या वरचा आकडा सांगितला. मला तो सल्ला तेव्हाही पटला नाही, कारण कापड आतल्या बाजूने कोरडं ठणठणीत होतं. तुमचंही तसंच असेल तर खिशात हात घालण्याआधी पुढचं वाचा.

आधी पाणी कुठलं ते ओळखा

गाडीत सापडलेलं सगळंच पाणी पावसाचं नसतं. पायाशी चिकट ओल असेल, वास गोडसर असेल आणि समोरच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर ते कूलंट आहे, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. टपाचा नाद सोडा, कूलंटची पातळी बघा आणि ते दुरुस्त केल्याशिवाय लांबच्या वाटेला लागू नका. बाहेर कडक ऊन, एसी दोन तास चालू आणि डॅशबोर्डखाली स्वच्छ पाणी, तर एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली आहे. हे दोन्ही नसेल आणि ओल पावसानंतरच येत असेल, तर ते पावसाचं पाणी.

मग ओल नेमकी कुठे आहे ते पक्कं करा. कार्पेटवरून नुसता हात फिरवून कळत नाही. वरचा थर कोरडा लागतो आणि खालचा फोम पाणी पिऊन बसलेला असतो. जुना पंचा चौपदरी घडी करून ठेवा आणि त्यावर गुडघ्याने दहा सेकंद भार द्या. पंचा भिजला तर खाली तळं आहे. सीटच्या मागे, सीटच्या खाली, पायाशी, दोन्ही बाजूंना असं करून बघा. डिकीही बघा, कारण एनए आणि एनबीमध्ये बॅटरी डिकीत असते. डिकीच्या तळाशी पाणी साचत असेल तर मागच्या दिव्यांच्या, डिकीवरच्या ब्रेकलाइटच्या किंवा एरियलच्या बुडाच्या रबरातून ते येत असतं. ते एक सोपं काम आहे: दिवा काढायचा, रबर बदलायचं, परत बसवायचा.

सीटच्या मागची ओल मात्र जवळजवळ नेहमी पन्हळीची असते.

टपाला पन्हळ असते

कौलारू घराला जशी पागोळ्यांखाली पन्हळ असते तशी या टपालाही असते. टपाचं कापड मागच्या बाजूला जिथे गाडीच्या पत्र्याला मिळतं, त्याच्या आत, सीटच्या मागून आडवी जाणारी एक प्लॅस्टिकची पट्टी आहे. मागच्या काचेवरून आणि कापडावरून ओघळलेलं पाणी तिथे बाहेरच्या बाहेर अडत नाही, ते या पट्टीत उतरतं. तसंच उतरायला हवं, गाडी बनवणाऱ्यांनी ते तसंच योजलं आहे. पट्टीची दोन टोकं डावी-उजवीकडे, सीटबेल्टच्या उभ्या खांबांच्या मागे, एकेका भोकात सोडलेली असतात. तिथून नळी खाली जाते आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे, गाडीच्या पोटाशी उघडते. पाऊस पडत असताना खाली वाकून बघितलंत तर निरोगी गाडीतून तिथे धार पडताना दिसते.

ही नळी तुंबली की पट्टी भरते. भरली की पाणी काठावरून सीटमागच्या कप्प्यात सांडतं आणि कार्पेटखाली मुरतं. लांबच्या प्रवासात हे उघडकीला येतं ते दोन कारणांनी. एक, गाडी रात्रभर कोणाच्या तरी अंगणात, झाडाखाली, पावसात उभी असते. दुसरं, साचलेलं पाणी वळणावर आणि ब्रेकला हलतं. रोजच्या दहा मिनिटांच्या फेरीत ते जागेवर राहतं, घाटात ते पुढे येतं.

याची भीती मला भिजण्यापेक्षा गंजाची जास्त वाटते. सांडलेलं पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात, म्हणजे सिलमध्ये, मागच्या टोकाला साचतं आणि तो पत्रा आतून खातं. बाहेर रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आत भोक पडलेलं असतं. ब्रिटनमध्ये तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि सीटबेल्टच्या खिळापासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजलेला असला तर गाडी नापास होते. या गाडीचं सिलचं मागचं टोक बरोबर त्याच टापूत येतं. चांगलं इंजिन असलेल्या कितीतरी एमएक्स-५ यापायी मोडीत गेल्या आहेत.

नळी कशी मोकळी करायची

टपाच्या कड्या सोडा आणि टप अर्ध्यावर उभा धरून ठेवा. कोणी मदतीला असेल तर उत्तम. टॉर्च घेऊन सीटबेल्टच्या खांबामागे डोकावा. बोट जाईल एवढं तोंड दिसेल. दिसतील ती पानं हाताने काढा, आत ढकलू नका. मग बाटलीने अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्याला खाली बघायला सांगा. मागच्या चाकापुढे लगेच सरळ धार आली तर ती बाजू ठीक. थेंबथेंब आलं किंवा पाणी वर चढायला लागलं तर थांबा, ती बाजू तुंबलेली आहे.

गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी हे यासाठीचं सगळ्यात चांगलं हत्यार. दोन-अडीच मिलिमीटर जाडीची, हातभर. टोक मेणबत्तीवर धरून गोल करून घ्या म्हणजे नळीला टोचणार नाही. वरून घालायची, फिरवत फिरवत. पडदे लटकवायची प्लॅस्टिकचं आवरण असलेली स्प्रिंगची तारही चालते. हँगरची तार किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका, नळीला भोक पडलं तर पाणी कायमचं सिलमध्ये जाईल. आणि कोणीही कितीही सांगितलं तरी कॉम्प्रेसरची हवा मारू नका. हवेच्या दाबाने नळी आत, हाताला न लागणाऱ्या जागी, जोडापासून निसटते. वरून सगळं मोकळं दिसतं, धारही जोरात जाते, फक्त ती जाते गाडीच्या आत.

वेल्सनंतर मी वरचं तोंड साफ केलं, मूठभर कुजलेली पानं निघाली, पाणी ओतलं, ते गेलं. मला वाटलं झालं.

परत का आलं

पुढच्या जूनमध्ये आम्ही स्कॉटलंडची उत्तर किनारपट्टी फिरायला गेलो. इन्व्हर्नेसहून निघून परत इन्व्हर्नेसला येणारी नॉर्थ कोस्ट ५०० ही वाट, ५१६ मैलांची, म्हणजे सुमारे ८३० किलोमीटर. उघड्या टपाच्या गाडीसाठी याहून सुंदर रस्ता मी पाहिलेला नाही: एकेरी डांबर, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला उघडे काळे डोंगर, आणि डोक्यावर काहीच नाही. परतीच्या वाटेवर किनलोख्यू या गावी मुक्काम केला. बाजूलाच बेन एय् हा डोंगर, १९५१ साली जाहीर झालेलं ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र, आणि लॉख मरी या सरोवराच्या काठाने जुन्या स्कॉट्स पाइनचं रान. गाडी रात्रभर पाइनखाली उभी होती. पाऊस होताच.

दुसऱ्या दिवशी टॉरिडनवरून अ‍ॅपलक्रॉसला गेलो आणि तिथून बॅलख ना बा ही खिंड चढून पलीकडे उतरायला लागलो. खिंड ६२६ मीटर उंच, समुद्रसपाटीपासून सरळ चढलेली, आणि उताराला हेअरपिन वळणं. समोरून कॅम्परव्हॅन आली. बाजूला घ्यायच्या जागेत शिरायला ब्रेक दाबला, नाक आधीच उताराला, आणि सीटमागे साठलेलं सगळं पाणी एकदम पुढे आलं. माझा डावा खांदा आणि बायकोची पाठ भिजली. तिच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीत आमचे कोरडे कपडे होते, तेही गेले.

घरी येऊन गाडी जॅकवर घेतली, खाली घोड्या लावल्या आणि यावेळी नळीच्या खालच्या तोंडाशी गेलो. तिथे बोटाच्या पेराएवढा काळा गोळा बसला होता. चिमट्याने ओढला तर घट्ट चिखलात गुंडाळलेल्या पाइनच्या काड्या निघाल्या, बोटभर लांब, बुडाशी दोन-दोन जोडलेल्या. एक जोडी आडवी अडकली की तिच्यावर धूळ, तिच्यावर पुढची जोडी. कोकणात सुरूच्या बनाला लागून ज्यांचं घर आहे त्यांना हे सांगायला नको. सुरूच्या काड्या पन्हळीत अशाच चटईसारख्या बसतात, आणि मृगाआधी वर चढून त्या काढल्या नाहीत तर ओटीवर पाणी येतं. माझे आजोबा पन्हळ साफ करून झाल्यावर घागरभर पाणी ओतायचे आणि खाली जाऊन उभे राहायचे. मी वर्षभर आधी पाणी ओतलं होतं, पण खाली जाऊन बघितलं नव्हतं. ते हळू जात होतं. वरून मला एवढंच दिसलं की गेलं.

तेव्हा खालचं तोंड बघितल्याशिवाय काम झालं असं धरू नका. दोरी वरून घातली की ती खालून बाहेर आलेली डोळ्यांनी दिसली पाहिजे. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून दोन्ही बाजूंनी लिटर-लिटर ओता. पहिलं पाणी काळं येईल, नितळ येईपर्यंत ओतत राहा. नंतरच्या पिढ्यांच्या एमएक्स-५मध्ये तोंडाशी काढता येणारी जाळी असते. ती वर्षातून निदान एकदा काढून धुवायची, नाहीतर जाळीच तुंबते.

दोन्ही नळ्या मोकळ्या असूनही सीटमागे ओल येत असेल तर ती पट्टी तपासा. माझ्या एका मित्राच्या एनएमध्ये उन्हाने कडक झालेली पट्टी कोपऱ्यात तडकली होती. दुसऱ्या एका गाडीत टप बदलताना पट्टीचं टोक भोकात सोडायचंच राहून गेलं होतं आणि नवाकोरा टप असून आत तळं होत होतं. पट्टी आणि कापड धातूच्या पट्ट्यांखाली १० मिलिमीटरच्या नटांनी आवळलेलं असतं. काम किचकट, निवांत दिवस हवा, पण शिकण्यासारखं आहे.

इथे भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. सनरूफच्या गाड्या आता पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली आहेत, आणि पावसाळ्यात छताच्या दिव्यातून किंवा पायाशी पाणी येतंय ही तक्रारही. तिथेही हाच कारभार आहे. सनरूफच्या चौकटीला पन्हळ असते, कोपऱ्यांतून बारीक नळ्या खांबांतून खाली जातात. गुलमोहराखाली गाडी लावत असाल तर त्याची ती राईएवढी पानं त्या कोपऱ्यांत जाऊन बसतात. सनरूफ उघडा, कोपरे पुसा, कपभर पाणी ओतून खाली बघा.

तिसरी वेळ: दार

ऑक्टोबरमध्ये लेक डिस्ट्रिक्टहून आलो तर सीटमागे सगळं कोरडं, पण डाव्या सीटच्या पायाशी चपचपीत. आधी वायपरखालची जाळी बघितली, कारण तिथे पानं साचली की पाणी पुढून पायाशी उतरतं. ती साफ होती. मग काचेवर नळीने पाणी सोडलं आणि दारातून आत बसून टॉर्च धरला. पाणी दाराच्या आतल्या आवरणाच्या खालच्या कडेवरून, बारीक रेषेत, आत ओघळत होतं.

काच खाली-वर होते म्हणजे तिच्याबरोबर थोडं पाणी दाराच्या पोटात जाणारच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडावं आणि आत येऊ नये म्हणून दाराच्या आवरणामागे एक प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट डिंकाने लावलेला असतो. आधीच्या मालकाने नवे स्पीकर बसवताना तो कागद फाडून तसाच सोडला होता. जाड प्लॅस्टिक कापून, ब्युटिलच्या चिकट रबरी पट्टीने चारी बाजूंनी चिकटवलं, दाराखालची भोकं काडीने मोकळी केली, संध्याकाळपर्यंत काम संपलं. स्पीकर बदललेली गाडी घेतली असेल तर हे आधी बघा.

मोटरवेवर वेग वाढला की मगच काचेच्या वरच्या कोपऱ्यातून थेंब येतात, थांबलेल्या गाडीत नाही, असंही होतं. वेगात टपावरून धावणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, कापड वर फुगतं आणि काच बाहेर ओढली जाते. रबर आणि काच यांत फट पडते. काच बंद करताना तिच्यात एक नोट धरा आणि ओढून बघा. नोट सरसर निघाली तर तिथे रबर दाबून बसत नाही. आधी रबर धुवा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. व्हॅसलीन नको, पेट्रोलियमने रबर फुगून खराब होतं. तरीही फट राहिली तर दारातले काच बसवायचे बोल्ट थोडे, अगदी पाव फेरा, फिरवून बघा, आणि किती फिरवले ते लिहून ठेवा.

वाळवणं अर्धवट सोडू नका

गळती थांबली तरी भिजलेला फोम महिनाभर ओला राहतो आणि सकाळी सगळ्या काचा आतून घामेजतात. लोकांना वाटतं गळती परत सुरू झाली. सीट काढाच. चार बोल्ट, १४ मिलिमीटरचे. सीटखाली पिवळ्या जोडाची वायर दिसली तर ती एअरबॅगची असते, आधी बॅटरी सोडून थोडा वेळ थांबा. कार्पेट उचलून दोरीवर घाला, खालचा पत्रा पुसा, गंजाचे ठिपके दिसतील तिथे लगेच घासून रंग लावा. सीटशिवाय ही गाडी दोन दिवस अंगणात उभी राहिली तरी चालेल, पण ओल्या फोमवर कार्पेट परत टाकू नका.

प्रवासात माझ्यापुरते काही नेम आहेत. ओला टप मिटून ठेवायचा नाही. नाइलाज झालाच तर मुक्कामी पोचल्यावर उघडून वाळवायचा. ओल्या गाडीवर पूर्ण कव्हर घालायचं नाही. पाइन, बर्च, लिंडन यांच्याखाली रात्री गाडी लावायची नाही, चार पावलं जास्त चालावं लागलं तरी. रिमझिम असेल तर टप उघडाच ठेवतो. ताशी ७०-८० किलोमीटरच्या वर हवा समोरच्या काचेवरून पाणी डोक्यावरून मागे नेते आणि माणूस कोरडा राहतो, फक्त सिग्नलला थांबायची वेळ येऊ नये. नायलॉनची दोरी, टॉर्च आणि तो पंचा कायम डिकीत.

या मे महिन्यात स्कॉटलंडच्या स्काय बेटावर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा लिटर ओतलं. मी वर, बायको खाली वाकलेली. उजवीकडे लगेच धार आली. डावीकडे ती म्हणाली, येतंय, पण बारीक. दोरी घातली, फिरवली, आणि तिच्यासमोर डांबरावर पाइनची एक जोडी पडली.